हिवाळेबाईंचं ‘का?’

हिवाळेबाईंना मी खुर्चीत बसलेलं फारसं पाहिलेलं नाही. शिक्षकखोलीत त्यांच्या वाट्याची एक खुर्ची आहे, तिच्यावर त्यांची पर्स बसते. बाई चहा उभ्यानं पितात, पेपर उभ्यानं तपासतात आणि बोलायला आल्या की टेबलाभोवती फेऱ्या मारत बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याची मान दुखते. मी स्वभावानं बसणारा माणूस. माझ्या वडिलांचा जन्म गिरणीत उभं राहण्यात गेला. त्यांच्या वाट्याचंही आपण बसून घ्यावं, एवढंच माझं आयुष्याबद्दलचं मत. नाहूरहून सकाळी निघायचं, घाटकोपरच्या शाळेत येऊन आठवी-नववीला मराठी शिकवायचं, परत जाऊन माशाचं कालवण आणि भात जेवायचा. पाच वर्षांपूर्वी या बाई विज्ञान शिकवायला आल्या आणि माझं बूड स्थिर राहीना.

पूर्ण नाव रत्नप्रभा धोंडिराम हिवाळे. लग्न झालं तरी नाव तेच राहिलं, कारण “बदलायचं, पण का?” या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याला देता आलं नाही. तो सुबोध बिचारा गरीब माणूस आहे. शाळेच्या संमेलनात भेटला तेव्हा मला हळूच म्हणाला, “सर, तुमची निदान पाच वाजता सुटका होते.”

आमची शाळा घाटकोपरच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. वरच्या वस्तीतली मुलं सकाळी उतारावरून धावत येतात आणि संध्याकाळी धापा टाकत चढतात. मराठी शाळा ओस पडायला लागल्या तेव्हा आमच्या संस्थेनं सेमी आणली. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मला ही अर्धी लुंगी अर्धी पँट कधीच पटली नाही आणि मी मीटिंगमध्ये तसं बोललोही होतो. पण पालकांना सेमी हवी होती. पट वाढला आणि त्या पटावर माझीही नोकरी टिकली. मग मी गप्प बसलो.

बाई याच टेकडीवर वाढलेल्या. वडील धोंडिराम जालन्याकडून येऊन महापालिकेत लागले. दहावीपर्यंत बाई मराठी शाळेत होत्या आणि विज्ञानात नेहमी पहिल्या. अकरावीला मुलुंडच्या कॉलेजात सायन्सला गेल्या आणि पहिल्याच तासाला हादरल्या. समोरचे सर सारखं ‘डेन्सिटी’ म्हणत होते. बाईंना घनता माहीत होती, समजलेली होती, तिची गणितं हातखंडा होती. पण डेन्सिटी म्हणजे आपलीच घनता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शब्द त्यांनी महिन्याभरात घोकले. तरीही बारावीला नापास झाल्या.

“सर, मोठे शब्द मला आडवे आलेच नाहीत,” त्या मला एकदा टेबलाला फेरी मारता मारता म्हणाल्या होत्या. “आडवे आले ते बारके. देअरफोर, व्हेअरअ‍ॅज, ड्यू टू. प्रश्नात कम्पेअर म्हटलंय की एक्स्प्लेन, तेच कळेना. हे कुणी शिकवतच नाही हो! इंग्रजीच्या सरांना वाटतं ते विज्ञानाचं काम, विज्ञानाच्या सरांना वाटतं ते इंग्रजीचं. आणि मध्ये पोरांची वाट लागते.”

दुसऱ्या वर्षी त्या पास झाल्या, पुढं बी.एस्सी., बी.एड. झाल्या. पण वाया गेलेल्या त्या एका वर्षाचा राग त्यांच्या अंगातून गेला नाही. त्यांच्या फेऱ्या म्हणजे तोच राग चालतोय, असं मला आपलं वाटतं.

त्यांच्या वर्गाची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे “समजलं?” विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात “येस टीचर” म्हणतो. गॅलरीतून जाणाऱ्या हेडसरांचा जीव त्यानं थंड होतो. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर बंदी घातली. त्यांच्या तासाला मुलं आधी मराठीत भांडतात. बर्फ पाण्यावर का तरंगतो, गंज लोखंडालाच का चढतो, जोरजोरात. मग तेच जमेल तशा फाटक्या इंग्रजीत बोलायचं, हसायची कुणाला परवानगी नाही. मग शेवटी पुस्तकी इंग्रजीत. त्यासाठी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ठळक अक्षरांत वाक्यं जोडणारे शब्द लिहून भिंतीवर डकवलेले : धिस हॅपन्स बिकॉज, देअरफोर, व्हेअरअ‍ॅज. मुलं बोलता बोलता भिंतीकडे बघतात, हवा तो शब्द उचलतात आणि पुढं जातात.

शेजारच्या वर्गात माझी कविता चाललेली असते. एकदा वैतागून मी भांडायलाच गेलो. म्हटलं, बाई, हा काय बाजार मांडलाय? त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात. सर, तुम्ही मराठीतलं ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ पक्कं करून द्या ना. त्याच खुंटीला मी देअरफोर टांगते. ज्या पोराला मराठीत कारण सांगता येत नाही, त्याला इंग्रजीत कुठून येणार?”

मी तसाच परत आलो. तेव्हापासून मी निबंधात ‘म्हणून’खाली रेघा मारायला लागलो. एवढं काम वाढवून ठेवलं बाईनं.

आता निधीची गोष्ट. ती बीडकडच्या गावाहून आठवीत आली, माझ्याच वर्गात. तिथं आजीकडे राहून सातवीपर्यंत शिकली. गावात शाळा तेवढीच, पुढची लांब, म्हणून आईबापांनी तिला मुंबईला आणली. बाप दशरथ टेम्पो चालवतो, आई चंपा सोसायटीतल्या घरांत पोळ्या करते. चार महिन्यांत निधी पोरींमध्ये मिसळली. “व्हॉट यार”, “सो बोअरिंग”, “आय डोन्ट नो ना” असलं सगळं तोंडात बसलं. मला वाटलं, आली पोरीला इंग्रजी. बाई म्हणाल्या, “ही रस्त्यावरची आहे सर. ती पटकन येते. पुस्तकातली यायला वर्षं लागतात. दोन्ही वेगळ्या आहेत हे मोठ्यांनाच कळत नाही, पोरांना काय कळणार?”

त्याच सुमाराला आमचे मुख्याध्यापक भाऊराव शेलार यांनी फर्मान काढलं. नववीपासून शाळेत फक्त सेमीचीच तुकडी राहणार होती. ज्यांना सेमी झेपत नाही असं वाटेल, त्यांची पालकांसमोर तोंडी परीक्षा घ्यायची. नाही जमली तर दाखला घेऊन दुसरी मराठी शाळा बघायची. हेडसर वाईट माणूस नाहीत, त्यांना दहावीच्या निकालाची धास्ती आहे. यादीत निधी पहिलीच. आणि दशरथनं मला शाळेच्या फाटकात सरळ सांगितलं होतं, “सर, हितं जमत नसंल तर आजीकडं परत धाडतो. उगं दुसरी शाळा शोधत कोन फिरनार?” गावी परत म्हणजे शाळा संपली. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

बाईंचं चालणं त्या दिवसापासून दुप्पट झालं. मधल्या सुट्टीत निधीला घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या. पण पोरगी भिंतीकडे बघायचीच नाही. बाईंनी बाष्पीभवनावर प्रश्न विचारला की ती हाताची घडी घालायची, नजर छताला लावायची आणि गाइडमधलं उत्तर धडाधडा म्हणून टाकायची. एकही चूक नाही. बाई विचारायच्या, “छान. आता सांग, व्हाय?” की निधी गप्प. मग पुन्हा पहिल्या शब्दापासून तेच उत्तर. गणपतीत आरतीची मधली ओळ विसरली की आपण मुकाट्यानं पुन्हा सुरुवातीपासून धरतो, तसं. बाई परत विचारायच्या, पोरगी परत पहिल्यापासून.

एक दिवस बाईंचा आवाज चढला. “अगं, पाठ नको गं! थांब, विचार कर, मग बोल!” सगळ्या वर्गासमोर. निधीचे डोळे भरले आणि दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा तोंडावर आलेली.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा उतरलेला. “सर, मीच घालवली तिला. उठा.”

“कुठे?”

“तिच्या घरी. वर्गशिक्षक तुम्ही आहात ना? उठा, उठा, काय बसलात?”

टेकडी चढताना माझा जीव अर्धा झाला. बाई पुढं, मी मागं, मध्ये पाण्याच्या पिंपांची रांग. निधीच्या घराचं दार उघडंच होतं आणि आतून तिचा आवाज येत होता. इंग्रजी, धडाधडा. आम्ही बाहेरच थबकलो. चंपा खाली बसून पोळ्या लाटत होती. निधी भिंतीशी हाताची घडी घालून उभी. मध्येच एका शब्दाला ती अडली आणि चंपानं लाटणं पोळपाटावर आपटलं. टक्. निधीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अडली. पुन्हा टक्. बाईंनी माझ्याकडे बघितलं. वर्गातलं ‘पुन्हा पहिल्यापासून’ इथून आलं होतं.

आम्हाला बघून चंपा गडबडीनं उठली, पदर सावरला, चटई टाकली. “या बाई, या सर. पोर लई घाबरल्याली, म्हनून म्हटलं दोन दिस घरीच घेते करून. मला विंग्रजी कुटं कळतंय? पन थांबली की कळतं बगा. आमच्याकडं भजनाला बसल्यावर मधीच थांबला त्यो इसरला. थांबली म्हंजे चुकली. मग मी वाजवते.”

ती हे अभिमानानं सांगत होती आणि तिचा अभिमान रास्त होता. दिवसभर लोकांच्या पोळ्या लाटून आल्यावर घरच्या लाटताना ती लेकीचा इंग्रजीतून विज्ञानाचा अभ्यास घेत होती. माझ्या वर्गातल्या किती बापांनी हे केलं असतं? मला वाटलं, आता बाई तासभर भाषण देणार आणि चंपा शरमेनं मान खाली घालणार. मला ते बघवलं नसतं.

पण बाई चटईवर बसल्या. मांडी घालून, अगदी निवांत. म्हणाल्या, “चंपाताई, तुमचं लाटणं आमच्या शाळेपेक्षा जोरात शिकवतं. फक्त एक करा. उलटं वाजवा.”

“उलटं कसं?”

“न थांबता बोलली की वाजवा. थांबली की हात आवरा. थांबली म्हणजे डोक्यात काहीतरी चाललंय. आणि तिचं बोलून झालं की विचारा, का?”

“मला तिचं उत्तर कळंल व्हय?”

“नाही कळलं तरी चालेल. ‘का’ विचारायला इंग्रजी लागत नाही.”

“आन् तिनं मला येडी समजून कायबी ठोकून दिलं तर?”

बाई हसल्या. “एका ‘का’ला ठोकता येतं. तिसऱ्या ‘का’ला घाम फुटतो. तुम्ही विचारून तर बघा.”

तव्यावरची पोळी तेवढ्यात टम्म फुगली. चंपानं तिच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. जरा लाजत म्हणाली, “बरं, ही फुगली. का?”

निधी गप्प. चंपाचा हात सवयीनं लाटण्याकडे गेला आणि तिनं तो मागं घेतला. आम्ही चौघं त्या पोळीकडे बघत बसलो. पोळी करपायला लागली तरी कुणी उलथेना. अखेर निधी हळू आवाजात म्हणाली, “कणकेत पाणी असतं. त्याची वाफ होते. वाफेला बाहेर जायचं असतं, पण पोळीला भोकच नाही.”

“आता हेच तुझ्या इंग्रजीत,” बाई म्हणाल्या.

“वॉटर इनसाइड बिकम व्हेपर. व्हेपर वाँट गो आउटसाइड.” पुन्हा थांबली. मग एकदम, “पोळी नो गिव्ह रोड!”

बाईंनी टाळीच वाजवली. व्याकरणाच्या पार चिंध्या झाल्या होत्या, पण त्या वाक्यात कारण होतं. गाइडमधल्या सगळ्या पानांत ते एवढं जिवंत सापडलं नसतं. मराठीच्या मास्तरानं हे म्हणावं, म्हणजे बघा.

पुढचे दिवस मात्र कुणालाच चैन नव्हतं. निधी शाळेत यायला लागली, भिंतीकडे बघायला लागली, पण आता ती बोलता बोलता इतकी थांबायची की मीच मनातल्या मनात तिचं वाक्य पुरं करायचो. हेडसर एवढा वेळ थांबतील का? त्यांना धडाधडा आवडतं. पाठ केलेलं बोलली असती तर निदान आवाज तरी ऐकू आला असता. मी बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, “मलाही भीती वाटते सर. झोप लागत नाही. पण आता तिला परत घोकायला सांगू? का?” आणि निघून गेल्या. माझा चहा गार झाला.

तिकडे चंपाचं ‘का’ सुटलं होतं. निधी सांगायची, आई आता सगळ्यांनाच विचारते. कुकरची शिट्टी का होते, कांदा चिरताना पाणी का येतं. दशरथ एका संध्याकाळी परत म्हणाला की धाडू हिला गावी. तर चंपानं विचारलं, का? तो म्हणाला, जमत नाही म्हणून. ती म्हणाली, का जमत नाही? तो चिडून बाहेर जाऊन टेम्पो पुसत बसला. “सकाळीच पुसला होता, सर,” निधी म्हणाली.

तोंडीच्या दिवशी हेडसरांच्या खोलीत आम्ही चार माणसं होतो. टेबलामागं हेडसर, बाजूला वर्गशिक्षक म्हणून मी, समोर निधी आणि मागच्या बाकावर चंपा, नवी साडी नेसून, हात मांडीवर घट्ट धरून. ज्या शिक्षिकेचा विषय तिनं आत बसायचं नाही, असा नियम. बाई बाहेर गॅलरीत होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज दारावरून जायचा, लांब जायचा, परत यायचा. 

हेडसरांनी प्रश्न विचारला, मग पालक बसलेत म्हणून मोठेपणानं मराठीतही सांगितला, “माठातलं पाणी गार का राहतं, असं विचारलंय मी.”

निधीनं हात बांधले नाहीत. म्हणाली, “मड पॉट हॅज स्मॉल होल्स. वॉटर कम्स आउट. इट इव्हॅपोरेट्स.” आणि थांबली.

हेडसरांनी पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. निधी जमिनीकडे बघत होती, ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. बाहेरच्या चपलाही थांबल्या. हेडसर कागदावर काहीतरी लिहायला वाकले आणि मला वाटलं, संपलं. गेली पोर गावी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. अगदी घरचा, सवयीचा.

“का?”

हेडसरांनी दचकून वर बघितलं. निधीनं मात्र मागं वळून आईकडे बघितलं आणि आईलाच सांगायला लागली, इंग्रजीत. “बिकॉज इट नीड्स हीट. इट टेक्स हीट फ्रॉम द वॉटर इनसाइड.” थांबली. चंपा थांबली. “देअरफोर द वॉटर इनसाइड लूजेस हीट. इट बिकम्स कूल.”

“मग आपल्या स्टीलच्या हंड्यातलं का न्हाई हुत?” चंपानं विचारलं. हे तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

पुन्हा थांबणं.  निधीची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर गेली, जणू बाईंची कॅलेंडरं तिथंच डकवलेली असावीत. “मड पॉट हॅज होल्स, व्हेअरअ‍ॅज... व्हेअरअ‍ॅज स्टील हॅज नो होल्स. वॉटर कॅनॉट कम आउट. देअरफोर नो कूलिंग, आई.”

चंपानं मान डोलावली. तिला एक शब्द कळला असेल तर शपथ, पण लेक आपल्याला काहीतरी समजावून सांगतेय हे तिला पुरतं कळलं होतं. माझे डोळे पाणावले. लपवण्यात अर्थ नाही.

हेडसरांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ठीक आहे. राहू दे हिला सेमीत.”

मी सुटकेचा श्वास टाकला आणि उठलो. दारातून बाईंचा चेहरा डोकावला. निधी आईकडे धावली. पण चंपा बाकावरून उठेना.

“का?” ती म्हणाली.

“का म्हणजे?” हेडसर गोंधळले.

“न्हाई, घरी तिचा बाप इचारनार. गावी धाडायचं ठरवून बसलाय. का ऱ्हाऊ द्यायची, त्ये सांगा ना. मी त्येला तसंच सांगते.”

हेडसरांनी तोंड उघडलं. “कारण... म्हणजे, तिचं इंग्रजी...” तिचं इंग्रजी चांगलं आहे, असं ते म्हणू शकत नव्हते. निकाल, टक्केवारी, बोर्ड यातलं काहीही इथं लागू पडत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. ते पुन्हा “कारण” म्हणाले आणि अडले.

चंपानं मांडीवरचे हात सैल सोडले, बाकावर नीट टेकून बसली आणि मायेनं म्हणाली, “सावकास सांगा सर. आमी हाय बसून. थांबलं म्हंजे चुकलं आसं न्हाई.”